इंग्रजी क्रियापदांची चार रूपे आणि बारा काळ

नोकरीसाठी पाठविलेल्या एका अर्जाची कल्पना करावी. अर्जदाराचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, काम चोख, हिशेब पक्का. एका कचेरीत तो गेली पाच वर्षे काम करीत आहे आणि आता अधिक वरच्या जागेसाठी तो दुसरीकडे अर्ज करीत आहे. अर्जात तो लिहितो, 'आय वर्क्ड इन धिस ऑफिस फॉर फाइव्ह इअर्स.' वाक्यातला प्रत्येक शब्द शुद्ध आहे. व्याकरणाची चूक दाखवावी म्हटले तर एकही सापडत नाही. परंतु अर्ज वाचणारा मनुष्य या वाक्याचा अर्थ असा घेतो, की अर्जदाराने तेथे पाच वर्षे काम केले आणि नंतर ती नोकरी सोडली किंवा सुटली. मग का सोडली, केव्हा सोडली आणि आज हा गृहस्थ काय करतो, या शंका त्याच्या मनात उभ्या राहतात. अर्जदाराला म्हणावयाचे होते, 'मी येथे पाच वर्षे काम करीत आहे.' त्यासाठी 'आय'च्या पुढे 'हॅव' हा एक लहानसा शब्द हवा होता. तो राहिला आणि चालू असलेली नोकरी कागदावर संपून गेली.

या लहानशा अपघातात इंग्रजी क्रियापदाचे सारे मर्म साठविलेले आहे. रूपांच्या दृष्टीने पाहू गेल्यास इंग्रजी क्रियापदाइतके सोपे क्रियापद क्वचितच आढळेल. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते तितके सोपे नाही. शाळेत विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ रूपे पाठ करण्यात जातो आणि कोणते रूप कोठे योजावे या खऱ्या अवघड प्रश्नाकडे वळेपर्यंत परीक्षा येऊन ठेपते. म्हणून सोपे ते चटकन उरकून अवघड ते सावकाश पाहणे श्रेयस्कर.

नियमित क्रियापदाची इंग्रजीत रूपे चारच आहेत. 'वर्क', 'वर्क्स', 'वर्क्ड' आणि 'वर्किंग'. पहिले मूळ रूप. त्याला एस हे अक्षर लागले की तृतीयपुरुषी एकवचनी वर्तमान. ई-डी ही अक्षरे लागली की भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित. आयएनजी लागले की चालू क्रिया दाखविणारे धातुसाधित. यापलीकडे पाचवे रूप नाही.

याच्याशेजारी मराठी क्रियापद ठेवून पाहावे. रामाने दरवाजा उघडला, रामाने खिडकी उघडली, रामाने दार उघडले, रामाने खिडक्या उघडल्या. उघडणारा एकच, पण कर्माचे लिंग आणि वचन बदलले की क्रियापद आपले वस्त्र बदलते. पुन्हा वर्तमानकाळात राम 'उघडतो' तर सीता 'उघडते', आणि भविष्यात 'उघडीन', 'उघडशील', 'उघडील' अशी पुरुषाप्रमाणे निराळी रूपे. इंग्रजीत या सगळ्या भूतकाळी वाक्यांना 'ओपन्ड' एवढे एकच रूप पुरते. राम असो वा सीता, दरवाजा असो वा खिडक्या, त्यात काडीचाही फरक पडत नाही. गोव्यातील ज्या जुन्या पिढीने शाळेत पोर्तुगीज भाषा शिकली, तिला याचे महत्त्व अधिक जाणवेल. 'बोलणे' या अर्थाच्या 'फालार' या अगदी सरळ, नियमित पोर्तुगीज धातूचीच चाळिसांहून अधिक रूपे होतात. जो मनुष्य मराठी क्रियापद बिनचूक चालवितो, त्याने इंग्रजीच्या चार रूपांना भ्यावे असे काहीच नाही.

तथापि या चार रूपांपैकी ई-डीचे रूप उच्चारताना मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो. लिहिलेली अक्षरे पाहून तो 'वर्केड', 'वॉशेड', 'हेल्पेड' असे म्हणतो. देवनागरीत लिहिताना आपण 'वर्क्ड' लिहितो. वर या लेखातही तसेच लिहिले आहे. परंतु इंग्रज मनुष्याच्या तोंडून तेथे 'ड' निघतच नाही, 'ट' निघतो. तो म्हणतो 'वर्क्ट', 'वॉश्ट', 'हेल्प्ट'. उलट 'ओपन', 'कॉल', 'प्ले' यांच्यापुढे स्पष्ट 'ड' येतो: 'ओपन्ड', 'कॉल्ड', 'प्लेड'. आणि 'वाँट', 'नीड', 'पोस्ट' यांच्यापुढे एक सबंध स्वर वाढतो: 'वाँटिड', 'नीडिड', 'पोस्टिड'.

ही तीन रूपे लहरीने आलेली नाहीत. त्यांच्यामागचा नियम मराठी विद्यार्थ्याने व्याकरणाच्या पहिल्याच धड्यात शिकलेला असतो. क, च, प, स, श ही कठोर व्यंजने. ग, ज, ब, न, ल ही मृदू व्यंजने. धातू कठोर व्यंजनाने संपला की प्रत्ययही कठोर होतो, म्हणजे 'ट' होतो. धातू मृदू व्यंजनाने अथवा स्वराने संपला की प्रत्यय मृदू राहतो, म्हणजे 'ड' राहतो. धातूच्या शेवटी आधीच 'ट' अथवा 'ड' असेल, तर त्याच जातीचे दुसरे व्यंजन त्याला चिकटवून उच्चारणे जिभेला जड जाते. म्हणून मध्ये 'इ' हा स्वर घालून वाट करून दिली जाते. 'विपद्' आणि 'काल' मिळून 'विपत्काल' होतो, 'षट्' आणि 'रिपु' मिळून 'षड्रिपु' होतात, हे ज्याने संधिप्रकरणात वाचले आहे, त्याला हा प्रकार परका वाटू नये. भेद इतकाच, की संस्कृत संधीत येथे मागचे व्यंजन पुढच्याचा रंग घेते आणि इंग्रजीत पुढचा प्रत्यय मागच्या व्यंजनाचा रंग घेतो. एस या प्रत्ययाचीही तीच रीत आहे. 'वर्क्स' यात शुद्ध 'स'. 'ओपन्ज' यात 'जरा' या शब्दातल्यासारखा दंत्य 'ज'. आणि 'वॉश', 'वॉच', 'पास' यांच्यापुढे पुन्हा मध्ये स्वर येऊन 'वॉशिज', 'वॉचिज', 'पासिज'.

लेखन उच्चाराहून वेगळे का, याला इतिहास आहे. पूर्वी ई-डीमधला ई खरोखरच उच्चारला जाई. पुढे तो बोलण्यातून गळाला, पण लेखनात राहिला. 1712 साली जोनाथन स्विफ्ट या प्रख्यात लेखकाने इंग्रजी भाषेच्या सुधारणेविषयी एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. हा स्वर गाळून व्यंजनावर व्यंजन आदळविण्याच्या चालीवर त्याने त्यात कडक टीका केली होती. भाषेने त्याचे ऐकले नाही. आज तो जुना स्वर 'लर्निड' म्हणजे विद्वान अशा काही मोजक्या विशेषणांत तेवढा शिल्लक आहे. म्हणजे आमच्या शाळांतून ऐकू येणारा 'वर्केड' हा उच्चार अगदीच निराधार आहे असे नव्हे. तो काही शतके उशिरा पोहोचलेला आहे, इतकेच!

लेखनाचे नियम थोडक्यात सांगता येतात. शेवटी मुका ई असेल तर नुसता डी लावावा, जसे 'लव्ह'चे. व्यंजनामागून वाय आल्यास वायचा आय करून ई-डी लावावा, जसे 'ट्राय'चे. पण वायच्या आधी स्वर असेल तर वाय तसाच राहतो, जसे 'प्ले'चे. 'स्टॉप' यासारख्या एकस्वरी आखूड धातूचे शेवटले व्यंजन दुप्पट होते. 'व्हिजिट'मध्ये मात्र आघात पहिल्या अवयवावर असल्याने टी दुप्पट होत नाही. 'ट्रॅव्हल'च्या बाबतीत ब्रिटिश लोक दोन एल लिहितात आणि अमेरिकन एकच. आपल्याकडे ब्रिटिश वळण रूढ आहे. कोणतेही एक वळण धरून ते शेवटपर्यंत सांभाळावे.

आता हा ई-डी आला कोठून, हे पाहणे मनोरंजक आहे, आणि त्यात मराठी वाचकाचा दूरचा नातेसंबंधही आहे. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत विलक्षण साम्य असल्याचे सांगितले आणि गॉथिक भाषेचेही मूळ तेच असावे असे सुचविले. गॉथिक ही इंग्रजीची चुलत भाषा. पुढे याकोप ग्रिम या जर्मन पंडिताने 1819 पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात या कुळातील क्रियापदांचे 'सबळ' आणि 'दुर्बळ' असे दोन वर्ग केले. जी क्रियापदे स्वतःचा स्वर बदलून भूतकाळ दाखवितात, जसे 'सिंग' आणि 'सँग', ती सबळ. ज्यांना भूतकाळासाठी बाहेरच्या प्रत्ययाची काठी लागते, ती दुर्बळ. आज ज्यांना नियमित म्हणतात ती क्रियापदे या दुर्बळ वर्गातलीच होत.

ही काठी कशाची बनली आहे? बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांच्या मते ती 'करणे' या अर्थाच्या जुन्या धातूपासून बनली. हाच धातू इंग्रजीत 'डू' आणि 'डिड' या रूपांत जिवंत आहे आणि संस्कृतात तो 'धा', म्हणजे 'ठेवणे', या रूपाने आहे. चौथ्या शतकात वुल्फिला याने बायबलचे गॉथिक भाषांतर केले, त्यातील भूतकाळाच्या अनेकवचनी रूपांत 'देदुम' असा लांब शेवट आढळतो आणि तेथे या धातूची द्विरुक्ती ओळखू येते. संस्कृतातल्या 'दधौ' या रूपातील द्विरुक्ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे साम्य जाणवल्यावाचून राहणार नाही. थोडक्यात, 'ओपन्ड' म्हणजे मुळात 'उघडणे केले' अशा धर्तीची रचना होय. आजचा मराठी मनुष्य 'डाउनलोड केले', 'फोन केला' असे म्हणतो तेव्हा तो नकळत हीच जुनी युक्ती नव्याने वापरीत असतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. 'आय ओपन्ड' यातला ई-डी आणि 'आय हॅव ओपन्ड' यातला ई-डी दिसण्यात एकच असले तरी कुळाने दोन आहेत. पहिला वर सांगितलेल्या 'करणे'चा वंशज. दुसरा संस्कृतातील 'कृत', 'गत', 'श्रुत' यांच्या शेवटच्या 'त'चा सगोत्र. 'सँग' आणि 'संग' यांत ही दोन रूपे आजही वेगळी दिसतात. नियमित क्रियापदांत ती झिजून एकरूप झाली. आपल्या 'गेला', 'केला' या रूपांच्या मुळाशीही तोच संस्कृत 'त' आहे. तो विशेषण घडविणारा प्रत्यय असल्यामुळे विशेषणाप्रमाणे लिंग-वचन पाळतो, आणि म्हणूनच मराठीत दार 'उघडले' जाते व खिडकी 'उघडली' जाते. इंग्रजीने हे लिंग-वचन टाकून दिले. आयएनजीच्या जागीही जुन्या इंग्रजीत 'एण्ड' असा प्रत्यय होता. तो संस्कृतातल्या 'अन्त्'चा भाऊ, आणि त्या 'अन्त्'पासूनच मराठीतला 'करीत', 'जात' यांचा 'त' उतरला आहे. पुढे इंग्रजीत तो प्रत्यय मागे पडून नाम घडविणाऱ्या आयएनजीने त्याची जागा घेतली.

ग्रिमने दिलेले 'दुर्बळ' हे नाव मात्र इतिहासाने खोटे पाडले. दुर्बळांनीच सबळांना जिंकले. 'हेल्प' हे एके काळी सबळ क्रियापद होते. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचे 'होल्पन' हे जुने रूप आढळते. आज 'हेल्प्ट' याखेरीज दुसरे रूप कोणी वापरीत नाही. 2007 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एका संशोधक-गटाने याचे गणित मांडले. त्यांनी जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदे निवडली. त्यांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 अनियमित उरली आणि आजच्या इंग्रजीत 98. जे क्रियापद कमी वापरले जाते ते लवकर नियमाखाली येते. शंभरपटीने कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. उलट जिभेवर सतत खेळणारी 'गो', 'कम', 'सी', 'टेक' ही क्रियापदे आपला जुना बाणा सोडीत नाहीत. विद्यार्थ्याला यातून एक व्यवहारी धडा मिळतो. अनियमित क्रियापदांची यादी दिसते तितकी भयंकर नाही. ती रोजच्या वापरातलीच असल्याने वाचता वाचता आपोआप अंगवळणी पडते.

भाषेत नव्याने येणारा शब्द तर जवळजवळ नेहमी नियमितच होतो. आपल्याकडची 'लूट' इंग्रजीत गेली आणि तिचे 'लूटिड' झाले. अंग चेपण्याला लावलेला हिंदी 'चाँपो' हा शब्द 'शॅम्पू' होऊन गेला, त्यालाही ई-डी लागला. अलीकडच्या 'गूगल'चे 'गूगल्ड' झाले. लहान मुलांनाही हा नियम कोणी न सांगता उमगतो. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना चित्रे दाखवून पूर्वी कोणी कधीही न ऐकलेली, बनावट क्रियापदे सांगितली आणि त्यांचा भूतकाळ विचारला. 'रिक' या बनावट शब्दाचे मुलांनी 'रिक्ट' केले. ऐकलेल्या शब्दाची नक्कल करून हे उत्तर देता येणे शक्यच नव्हते. अर्थात नियम त्यांच्या मनात आधीच रुजलेला होता.

येथवर रूपांची कथा झाली. आता काळांकडे वळावयाचे. शालेय पुस्तकांत इंग्रजीचे बारा काळ कोष्टकात दिलेले असतात आणि ते पाढ्यांसारखे म्हणवून घेतले जातात. वास्तविक ही बारा रूपे पाठ करण्याची गरज नाही. तीन लहान नियमांतून ती आपोआप उत्पन्न होतात. 'विल'च्या पुढे येणारे क्रियापद मूळ रूपात राहते. 'हॅव'च्या पुढचे क्रियापद ई-डीचे रूप घेते. 'बी'च्या पुढचे क्रियापद आयएनजीचे रूप घेते. आणि हे तिघे एकत्र आले तर त्यांचा क्रम 'विल', 'हॅव', 'बी' असाच राहतो, कधीही बदलत नाही.

आगगाडीची उपमा येथे चांगली जुळते. डबे कितीही जोडले तरी गाडी ओढणारे इंजिन एकच आणि ते पुढे. तसा काळ दाखविण्याचा भार वाक्यातले पहिले क्रियापद वाहते. मागचे सर्व केवळ आपल्या पुढल्या डब्याला जोडलेले असतात. साध्या रूपात 'आय वर्क', 'आय वर्क्ट', 'आय विल वर्क'. अपूर्ण रूपात 'आय ॲम वर्किंग', 'आय वॉज वर्किंग', 'आय विल बी वर्किंग'. पूर्ण रूपात 'आय हॅव वर्क्ट', 'आय हॅड वर्क्ट', 'आय विल हॅव वर्क्ट'. आणि चालू पूर्ण रूपात 'आय हॅव बीन वर्किंग', 'आय हॅड बीन वर्किंग', 'आय विल हॅव बीन वर्किंग'. ही झाली बारा. यातली गंमत अशी, की नियमित क्रियापद ज्यांच्या खांद्यावर बसून काळांतून फिरते ते 'बी' आणि 'हॅव' हे सोबती स्वतः अनियमित आहेत. 'बी' या एकट्याचीच आठ रूपे होतात. तेव्हा पाठ करावयाचेच असेल तर या सोबत्यांची रूपे पाठ करावी. तो वेळ सत्कारणी लागेल.

भविष्यकाळाला इंग्रजीत स्वतःचा प्रत्यय नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. 'विल'चा मूळ अर्थ 'इच्छिणे' आणि 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे लागणे'. इच्छा आणि कर्तव्य यांच्याच द्वारे इंग्रजी भाषा उद्याविषयी बोलते. आपल्याकडे 'उघडील' या एकाच शब्दात भविष्य सामावते.

प्रश्न आणि नकार यांत 'डू' पुढे येते आणि इंजिनाची जागा घेते. 'ही ओपन्ड द डोअर' याचा प्रश्न 'डिड ही ओपन द डोअर?' असा होतो. भूतकाळाचा भार 'डिड'ने उचलल्यामुळे 'ओपन' हलके होऊन मूळ रूपात परतते. मराठीत 'त्याने दार उघडले का?' असे शेवटी 'का' लावले की काम भागते आणि क्रियापद जागचे हलत नाही. या सवयीने मराठी विद्यार्थी 'डिड ही ओपन्ड' असे लिहून बसतो. एका गाडीला दोन इंजिने लावण्याचाच हा प्रकार. 'डझ'च्या पुढे एस लावणे ही चूकही याच जातीची.

आता खरी अवघड जागा आली. मराठीतही 'उघडले', 'उघडले आहे', 'उघडले होते' अशी तीन रूपे आहेत आणि ती इंग्रजीच्या तीन रूपांसमोर बरोबर मांडता येतात. म्हणूनच धोका आहे; कारण रूपे जुळतात, पण वापर सर्वत्र जुळत नाही. 'ते पत्र मी कालच पाठविले आहे' हे मराठीत अगदी सहज वाक्य होय. इंग्रजीत 'यस्टरडे' आणि 'हॅव' यांचे एकत्र बसणे चालत नाही. 'हॅव' हे वर्तमानकाळाचे रूप आहे. ते बोलणाऱ्याला आजच्या क्षणात उभे करते आणि तेथून मागे पाहावयास लावते. 'काल' हा शब्द तर दार लावून घेतलेला, संपलेला काळ दाखवितो. म्हणून 'आय पोस्टिड द लेटर यस्टरडे' असे म्हणावे, किंवा काल हा शब्द गाळून 'आय हॅव पोस्टिड द लेटर' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात घटनेची वेळ महत्त्वाची. दुसऱ्यात पत्र आता वाटेत आहे हा परिणाम महत्त्वाचा.

'होते' या रूपाचा मोहही असाच. 'गेल्या वर्षी आम्ही उज्जैनला भेट दिली होती' असे मराठी मनुष्य सहज बोलतो. घटना आता दूर गेली एवढेच त्याला सुचवावयाचे असते. इंग्रजीत नुसत्या दूरपणासाठी 'हॅड' लागत नाही. भूतकाळातील एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडली असे सांगावयाचे असेल तरच 'हॅड' योग्य. 'आम्ही स्थानकावर पोहोचलो, त्याआधीच पाऊस थांबला होता' येथे 'द रेन हॅड स्टॉप्ट' हवेच. पण उज्जैनच्या भेटीला 'वुई व्हिजिटिड' एवढे पुरे.

पावसाचेच आणखी एक उदाहरण पाहावे. 'पाऊस थांबला की निघू' असे मराठी म्हणते. पाऊस अजून कोसळत असतो, तरी क्रियापद भूतकाळी. इंग्रजी तेथे 'व्हेन द रेन स्टॉप्स' असा वर्तमानकाळ योजते. 'विल'चा वापर दोन्ही भाषांच्या दृष्टीने भविष्यातील असलेल्या या घटनेला होत नाही. तो 'निघू' या मुख्य क्रियेपुरताच राहतो. एकाच उद्याच्या घटनेला एक भाषा भूतकाळाचे वस्त्र देते आणि दुसरी वर्तमानाचे. यावरून व्याकरणातील काळ आणि घड्याळातील वेळ या दोन निराळ्या वस्तू आहेत हे उघड होते. मराठीतून इंग्रजीत जाताना क्रियापदाच्या रूपाचे भाषांतर करू नये. घटना केव्हाची, संपली की चालू आहे, आणि आजच्या क्षणाशी तिचा धागा आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारावेत आणि मगच रूप निवडावे.

हे तीन प्रश्न त्या आरंभीच्या अर्जाला लावून पाहावेत. काम केव्हाचे? पाच वर्षांपूर्वी सुरू झालेले. संपले काय? नाही, चालू आहे. आजशी धागा आहे काय? आहे, किंबहुना अर्जाचे सारे बळ त्या धाग्यातच आहे. येथे मराठी 'करीत आहे' असा अपूर्ण वर्तमान वापरते, आणि त्याचे शब्दशः भाषांतर करून 'आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इअर्स' असेही पुष्कळजण लिहितात. इंग्रजीच्या रीतीने ते अशुद्ध ठरते, कारण 'ॲम' केवळ आजचा क्षण पाहते, मागची पाच वर्षे नव्हे. आणि 'सिन्स'पुढे आरंभाचा क्षण यावा लागतो, अवधी नव्हे. तरी निदान वाचणाऱ्याला अर्थ कळतो. 'आय वर्क्ट' मात्र व्याकरणाने निर्दोष असून अर्थाने घातक आहे. योग्य वाक्य 'आय हॅव वर्क्ट हिअर फॉर फाइव्ह इअर्स' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इअर्स'. 'हॅव' आजचा क्षण धरते, ई-डी किंवा आयएनजी मागची वर्षे धरते, आणि दोन्ही मिळून पाच वर्षांचे काम आजच्या दारापर्यंत आणून पोहोचवितात.

बेळगाव, इंदूर, वडोदरा अथवा पणजी येथील मराठी घरांतून इंग्रजीबरोबर कानडी, हिंदी, गुजराती, कोंकणी अशी दुसरी एखादी भाषाही कानांवर असते. अशा घरातील मुलाला एक गोष्ट आधीच ठाऊक असते: प्रत्येक भाषेची वेळ सांगण्याची स्वतःची तऱ्हा असते आणि एकीची तऱ्हा दुसरीवर लादून चालत नाही. हेच शहाणपण त्याने इंग्रजीच्या वर्गातही बरोबर न्यावे. कठोर-मृदू व्यंजनांची ओळख त्याला 'ट' आणि 'ड' यांतील भेद शिकवील, 'आहे' आणि 'होते' यांचा नीट विचार 'हॅव' आणि 'हॅड' यांची जागा दाखवील. चार रूपे एका संध्याकाळी पाठ होतात. ती कोठे ठेवावयाची हे समजण्यास मात्र आपल्याच मराठी वाक्याकडे पुन्हा एकदा सावधपणे पाहावे लागते. तेवढे केले, तर चालू असलेली कोणाची नोकरी कागदावर अकारण संपणार नाही.